भूकंपलहरींच्या आधारे खडकाळ ग्रहाच्या कवचाचा अभ्यास : झाग्रेब ते मंगळ

प्रस्तावना :
ग्रहाचा पृष्ठभाग दुर्बिणीतून वा यानातून पाहता येतो. परंतु त्याचे कवच किती जाड आहे, हे केवळ पाहून कळत नाही. पृथ्वीवर मानवाने खोदलेले सर्वांत खोल छिद्रही सुमारे १२ किमीपर्यंतच पोहोचले आहे. त्यामुळे कवचाची जाडी मोजण्यासाठी भूकंपलहरी हेच मुख्य साधन ठरले. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा पृथ्वीवरील उगम आणि मंगळावरील उपयोग यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. अनेक केंद्रांच्या नोंदींवर उभी राहिलेली ही पद्धत एकाच केंद्रावर कितपत विसंबू शकते, हा या विवेचनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पद्धतीचा उगम :
भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या युरोपातील नोंदी अभ्यासून प्राथमिक, दुय्यम व पृष्ठीय लहरी वेगवेगळ्या ओळखल्या. पुढे ८ ऑक्टोबर १९०९ रोजी झाग्रेबजवळील कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. आंद्रिया मोहोरोविचिच यांनी निरनिराळ्या अंतरांवरील केंद्रांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा काही केंद्रांवर प्राथमिक लहरी दोनदा पोहोचल्याचे दिसून आले. एक लहर कवचातून सरळ आली होती. दुसरी खाली उतरून अधिक घन खडकातून वेगाने प्रवास करून आली होती. दूरच्या केंद्रांवर ही दुसरी लहर आधी पोहोचत होती. यावरून त्यांनी सुमारे ५४ किमी खोलीवर कवच संपते, असा निष्कर्ष १९१० मध्ये मांडला. ती सीमा आज 'मोहो विलगता' म्हणून ओळखली जाते. केंद्रे एकाहून अधिक नसती, तर हा निष्कर्ष शक्य झाला नसता.

मंगळावरील पहिला प्रयत्न :
१९७६ मध्ये व्हायकिंग मोहिमेची दोन याने मंगळावर उतरली. पहिल्या यानावरील भूकंपमापक वाहतुकीच्या बंधनातून मोकळाच झाला नाही. दुसऱ्याचा चालला, मात्र तो जमिनीवर न ठेवता यानावरच बसविलेला असल्याने त्याने प्रामुख्याने वाऱ्याने होणारी यानाची थरथर नोंदवली. एक नोंद कंपाची असावी, असे मानले गेले. परंतु त्या वेळची वाऱ्याची माहिती उपलब्ध नसल्याने ते सिद्ध होऊ शकले नाही. त्यानंतर मंगळाच्या अंतरंगाचा हा प्रश्न चार दशके अनुत्तरित राहिला.

इनसाइट मोहीम :
२६ नोव्हेंबर २०१८ रोजी इनसाइट यान एलिसियम प्लॅनिशिया या मैदानावर उतरले. व्हायकिंगचा धडा लक्षात घेऊन भूकंपमापक यांत्रिक हाताने जमिनीवर ठेवण्यात आला व त्यावर वारा आणि तापमानातील बदल यांपासून रक्षण करणारे आच्छादन घालण्यात आले. ६ एप्रिल २०१९ रोजी पहिला कंप नोंदला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये मोहीम संपेपर्यंत १,३०० हून अधिक कंपांची नोंद झाली.

केंद्र एकच असल्याने अभ्यासकांनी निराळा मार्ग अवलंबिला. प्राथमिक व दुय्यम लहरींच्या आगमनातील कालांतरावरून कंपाचे अंतर आणि जमिनीच्या हालचालीच्या दिशेवरून त्याची दिशा काढण्यात आली. तसेच प्राथमिक लहर थरांच्या सीमेवर पोहोचली की तिचा काही अंश दुय्यम लहरीत रूपांतरित होतो व मागाहून येतो. या विलंबावरून थराची खोली ठरते. मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून दोन उत्तरे निघाली : कवचात दोन थर मानल्यास जाडी सुमारे २० किमी, तीन थर मानल्यास सुमारे ३९ किमी. पुढील अभ्यासांत दुसऱ्या पर्यायास अधिक पुष्टी मिळाली.

तरीही हे मापन यानाखालच्या जमिनीपुरतेच मर्यादित होते. २४ डिसेंबर २०२१ रोजी सुमारे ३,५०० किमी अंतरावर उल्का आदळली. तिच्या विवराचे स्थान कक्षेतील यानाच्या छायाचित्रांवरून निश्चित झाले. या आघाताच्या पृष्ठीय लहरींवरून वाटेतील कवच यानाखालील कवचाहून सरासरीने अधिक घन असल्याचे आढळले. ४ मे २०२२ रोजीच्या ४.७ तीव्रतेच्या कंपाच्या पृष्ठीय लहरींनी तर ग्रहाला प्रदक्षिणा घातल्या. त्यांच्या आधारे २०२३ मध्ये कवचाची सरासरी जाडी ४२ ते ५६ किमी असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. उत्तरेकडील सखल व दक्षिणेकडील उंच प्रदेशांच्या कवचाची घनता जवळपास सारखीच असून फरक प्रामुख्याने जाडीचा आहे, हेही त्यातून सूचित झाले.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, मंगळावर केंद्रांची उणीव लहरींच्या वैविध्याने काही अंशी भरून काढली. यानाखालच्या एका ठिकाणच्या मापनावरून ग्रहाची सरासरी काढता आली नाही. त्यासाठी दूरवरचा आघात आणि एक मोठा कंप यांची वाट पाहावी लागली. हा मोठा कंप मोहिमेच्या अखेरच्या वर्षात झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मोहीम त्यापूर्वीच संपली असती, तर सरासरी जाडीचा हा अंदाज हाती आला नसता. म्हणूनच खडकाळ ग्रहांच्या पुढील मोहिमांत एकाहून अधिक केंद्रे आणि दीर्घ कालावधी यांचा विचार होणे आवश्यक ठरते.