पाण्यावरचा विसावा

विहिरीत उताणे पडून तरंगण्याचे सुख आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. अंग सैल सोडले, की पाणीच आपल्याला पेलते. याच अनुभवातून पुढे शिणलेल्या मनासाठी एक उपचार निघाला. परंतु त्याचा उगम विश्रांतीत नाही, प्रयोगशाळेत आहे.

१९५१ च्या सुमारास कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांवर आवरणे, आणि रोज २० डॉलर! काम काय? नुसते पडून राहायचे. पण बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे ते सोसवेना. काहींना भास होऊ लागले.

१९५४ साली अमेरिकेत डॉ. जॉन लिली स्वतःच अंधाऱ्या, निःशब्द टाकीतील पाण्यात उतरले. बाहेरची चाहूल थांबली, तर मेंदू झोपी जातो काय? नाही, तो जागाच राहिला. उलट लिलींना विसावा लाभला. पुढे १९७० नंतर अशा टाक्यांत एप्सम मीठ भरपूर विरघळवू लागले. त्यामुळे पाणी जड होते आणि वीतभर खोलीतही माणूस तरंगतो. पाणी अंगाइतकेच कोमट, सुमारे ३५ अंश सेल्सियस.

२०१८ साली अमेरिकेतील टल्सा येथील संशोधकांनी चिंतेने त्रासलेल्या ५० जणांना तासभर तरंगत ठेवले. त्यांची चिंता तेवढ्यापुरती बरीच ओसरली. डॉक्टरांच्या औषधाची जागा मात्र याने भरत नाही.

पाहा, दिवसच्या दिवस लादून घेतलेली शांतता छळते, तासाभराची निवांत शांतता सुखावते. औषधासारखी एकांतालाही मात्रा असते.