विवाल्दीची हस्तलिखिते : एका ग्रंथसंग्रहाचा इतिहास

व्हेनिसचा संगीतरचनाकार अँतोनिओ विवाल्दी १७४१ साली व्हिएन्ना येथे निवर्तला. पुढे दीर्घकाळ त्याचे नाव जवळजवळ विस्मृतीतच गेले होते. १९२६ साली उत्तर इटलीतील एका धर्मसंस्थेच्या विद्यालयाने आपला जुना संगीतसंग्रह विकावयास काढला, तेव्हा तूरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्याचे परीक्षण आल्बेर्तो जेंतिली या संगीतशास्त्रज्ञाकडे सोपविले. त्यात विवाल्दीच्या हस्तलिखितांची १४ बाडे निघाली. रोबेर्तो फोआ याने आपल्या दिवंगत बालकाच्या स्मरणार्थ तो संग्रह १९२७ साली ग्रंथालयास मिळवून दिला.

तथापि बाडांच्या क्रमांकांत खंड पडलेले होते. त्यावरून मूळ संग्रहाची वाटणी झाली असावी, असे अनुमान निघाले. आणि उर्वरित भाग जिनोव्हा येथे दुरात्सो घराण्याच्या वारसाकडे सापडला. १९३० साली फिलिप्पो जोर्दानो याच्या देणगीमुळे तोही तूरिनला आला. त्यानेही ही देणगी आपल्या मृत पुत्राच्या स्मरणार्थच दिली होती. अशा रीतीने २७ बाडे व सुमारे ४५० रचना एकत्र झाल्या.

पुढे १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे ज्यू असलेल्या जेंतिलीस विद्यापीठातील अध्यापनास मुकावे लागले. १९३९ साली सिएना येथे विवाल्दी-सप्ताह साजरा झाला, तो त्याच्यावाचूनच.

संहितेइतकेच तिचे क्रमांक, बांधणी व स्वामित्वपरंपरा ही देखील इतिहासाची साधनेच होत, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.