दूरकेंद्री भिंगयोजना

वस्तूचे भिंगापासूनचे अंतर किंचित बदलले, तरी प्रतिमेचे आकारमान बदलू न देणारी भिंग व रोधक यांची मांडणी. वस्तूला स्पर्श न करता तिचे सूक्ष्म मापन करण्यासाठी ती वापरतात. साध्या भिंगातून जवळची वस्तू मोठी व दूरची लहान दिसते. मापनातील हा दोष या योजनेने दूर होतो.

स्पर्शाविना मापनाची निकड भारतात सर्वेक्षणात भासली. बीदर (कर्नाटक) येथे विल्यम लॅम्बटन यांनी १८१५ मध्ये आधाररेषा पोलादी साखळीने मोजली होती. परंतु साखळीचे सांधे झिजतात. १८४१ मध्ये अँड्र्यू वॉ यांनी त्याच परिसरात टॉमस कोल्बी यांच्या पट्ट्या वापरल्या. प्रत्येक पट्टी पितळ व लोखंड यांची जोडपट्टी असून या धातूंच्या असमान प्रसरणाचा असा उपयोग केलेला होता की, दोन्ही टोकांच्या जिभांवरील ठिपके तापमान बदलले तरी १० फुटांवरच राहत. लगतच्या पट्ट्या एकमेकींना टेकवीत नसत. त्यांच्या ठिपक्यांमधील ६ इंचांचे अंतर सूक्ष्मदर्शकांच्या जोडीने साधत. सुमारे ७·९ मैलांच्या या रेषेची प्रत्यक्ष लांबी आणि सिरोंजच्या आधाररेषेवरून त्रिकोणमालिकेने काढलेली लांबी यांत सुमारे ४·३ इंचांचाच फरक आढळला. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या महाचापाच्या दक्षिण भागाची विश्वसनीयता या पडताळ्यावरच अवलंबून होती.

येथे ठिपका केवळ तंतूखाली आणावयाचा असल्याने विवर्धनाचा प्रश्न उद्‌भवला नाही. थिओडोलाइटमध्ये मात्र तो टळत नसे. अंशांकित वर्तुळ व सूक्ष्मदर्शक यांतील अंतर थोडे बदलले, तरी दोन रेघांमधील प्रतिमा लहानमोठी होई, सूक्ष्ममापकाचे फेरे जुळत नसत आणि निरीक्षकास गणिताने दुरुस्ती करावी लागे. हे काम कंटाळवाणे खरे, पण अटळ होते.

या दोषावरील मूलगामी उपाय येना येथील एर्न्स्ट आबे यांनी १८७८ मध्ये मांडला. वस्तुभिंगाच्या मागील केंद्रप्रतलात लहान छिद्राचा रोधक ठेवल्यास वस्तूकडील मुख्य किरण अक्षाला समांतर होतात. वस्तू पुढेमागे सरकली, तर प्रतिमेच्या कडा अस्पष्ट होतात. पण त्यांचे मध्य ढळत नाहीत व माप कायम राहते. मात्र पुढचे भिंग मोजावयाच्या वस्तूपेक्षा रुंद असावे लागते. त्यामुळे लहान वस्तूंपुरतीच ही योजना परवडते. विसाव्या शतकात स्क्रूचे आटे तपासणाऱ्या छायाप्रक्षेपकांत आणि नंतर यंत्रभाग तपासणाऱ्या इलेक्ट्रॉनीय कॅमेऱ्यांत तिचा वापर रूढ झाला.