पाण्याच्या दोन नळ्या

श्रोतेहो, ज्या जातीच्या लहरींवरून माझा आवाज आपल्या घरीं पोहोंचत आहे, त्याच जातीच्या लहरी एम्. आर्. आय्. यंत्रांत देहांतील पाण्याची वार्ता आणतात. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रांत हायड्रोजनच्या अणुगर्भांना रेडिओलहरींनीं डिवचलें, कीं ते प्रतिसंदेश देतात. हें १९४६ सालीं ब्लॉख व पर्सेल यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें. १९७१ मध्यें डॉ. डमाडियन यांना उंदरांच्या अर्बुदांतून निराळा संदेश मिळाला. परंतु संदेश कोठून आला हें कसें कळावें? लॉटरबर यांनीं क्षेत्राची तीव्रता जागोजागीं बदलली आणि संदेश आपलें स्थान सांगूं लागला. त्यांचें पहिलें चित्र होतें पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचें! चित्र अस्पष्ट म्हणून 'नेचर' नियतकालिकानें तो लेख प्रथम नाकारला. पुनर्विचाराअंतीं १९७३ सालीं छापला. २००३ सालीं लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळालें. डमाडियन वगळले गेले, यावरून वाद माजला. आज मेंदू व मज्जारज्जु यांतील व्याधि क्ष-किरणांवांचून दिसते.

मीं जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या. तांबड्या शाईनें 'अस्पष्ट' असा शेरा मारून परत केलेल्या एखाद्या वहींत काय होतें, हा विचार आतां मला स्वस्थ बसूं देत नाहीं.