मुळांआधीची सोबत

वनस्पती जमिनीवर स्थिरावल्या त्या मुळांच्या बळावर, अशी समजूत रूढ असली तरी पुराव्यांचा क्रम उलटा आहे. खरी मुळे फुटण्यापूर्वीच बुरशीने वनस्पतींच्या देहात घर केले होते आणि आज कृषी सेवा केंद्रात मायकोरायझा म्हणून मिळणाऱ्या पुडीत त्याच बुरशीच्या वंशजांचे बीजाणू असतात. मायकोरायझा म्हणजे वनस्पतीचे मूळ आणि बुरशी यांचे सहजीवन: बुरशीचे बारीक तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरचे स्फुरद व पाणी आणून देतात आणि वनस्पती त्यांना साखर व मेद पुरवते.

हे नाव १८८५ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी दिले. ट्रफल या जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या बुरशीची लागवड करता येईल का, याचा शोध घेताना त्यांना झाडांच्या मुळांवर बुरशीचे आवरण आढळले. त्याहून कितीतरी जुना प्रकार मात्र थेट पेशीत शिरणारा आहे आणि त्याचा बोलका पुरावा स्कॉटलंडमधील रायनी गावाजवळच्या चर्ट या गारेसारख्या खडकात, सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वी, गोठून राहिला. तेथील अॅग्लॉफायटॉन या वनस्पतीला ना पाने होती ना मुळे. तरीही तिच्या खोडाच्या पेशींत शिरून झुडपासारख्या फांद्या फोडलेली बुरशी १९९४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसली. आर्बस्क्यूल नावाची ही रचना आजच्या ज्वारीच्या मुळातही तशीच आढळते. पुढे २०२१ मध्ये मर्केंशिया या बिनमुळांच्या वनस्पतीच्या एका जातीत मेद पुरवणारी यंत्रणा निकामी केली असता बुरशीशी असलेले तिचे सहजीवनच खिळखिळे झाले. मेदाची ही देवघेव किती आदिम आहे, हे त्यावरून लक्षात येते.

पुणे विद्यापीठाचे डॉ. टी. एस. महाबळे यांनी १९६२ मध्ये ज्या ऑफिओग्लॉसम या प्राचीन नेच्याच्या भारतीय जातींचा अभ्यास मांडला, त्यातही हे नाते पाहता येते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर उगवणाऱ्या या इवल्याशा वनस्पतीच्या मुळांना मूलरोम नसतात, आणि तिच्या जीवनचक्रातील युग्मकधारी पिढी तर जमिनीखाली, हरितद्रव्याविना, पूर्णपणे बुरशीच्या आधाराने जगते.

पेशीत शिरणाऱ्या या बुरशीचा अभ्यास अवघड आहे, कारण जिवंत यजमानाशिवाय ती वाढत नाही. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे; अशा संग्रहांत इतर बुरशी आगरच्या माध्यमावर जोपासता येतात, हिला मात्र मूळच द्यावे लागते.

पुण्याभोवतीच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद चुन्याशी, तर घाटमाथ्याच्या तांबड्या जमिनीत लोह व अॅल्युमिनियमशी बांधले जाते, म्हणून बुरशीचे साहाय्य येथे विशेष मोलाचे ठरते. शेतकऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की स्फुरदयुक्त खताचा अतिरेक झाला की पीक बुरशीला थारा देईनासे होते, आणि वारंवार नांगरट केल्याने तिचे जाळे तुटते. कोबी, फ्लॉवर व मोहरी यांच्या कुळाने मात्र ही सोबत उत्क्रांतीच्या ओघात केव्हाच सोडली असल्यामुळे त्यांच्या वाफ्यात मायकोरायझा टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.