२२ ऑक्टोबर १८४४ : तारीख चुकली, मग पुढे?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

२२ ऑक्टोबर १८४४, मंगळवार. अमेरिकेच्या ईशान्य भागात हजारो माणसं घरांत, सभागृहांत जमून प्रार्थना करत होती. येशू ख्रिस्त आज परत येणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. कुणी दुकान बंद केलं होतं, कुणी पीक शेतातच सोडलं होतं. ते काढून करायचं काय? या चळवळीत ५० हजार ते १ लाख माणसं असावीत, असा अंदाज इतिहासकार देतात.

तिच्या मुळाशी होता विल्यम मिलर. न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचा शेतकरी, १८१२ च्या युद्धात कॅप्टन. तरुणपणी त्याचा बायबलवर विश्वास नव्हता. युद्धानंतर, १८१६ च्या सुमारास तो श्रद्धेकडे वळला आणि बायबल पहिल्या पानापासून वाचायला बसला. सोबत फक्त एक शब्दसूची. एक शब्द कुठे कुठे आलाय ते शोधायचं, सगळे उल्लेख जुळवायचे, मगच पुढची ओळ. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला ही पद्धत फार ओळखीची वाटते. कोड वाचतो तसं बायबल वाचत होता हा माणूस!

दानीएलाच्या पुस्तकात, ८ व्या अध्यायात, २३०० दिवसांचा उल्लेख आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष, हा तेव्हा बराच रुळलेला अर्थ. सुरुवात धरली इसवी सनापूर्वी ४५७, पर्शियाच्या राजाने यरुशलेमबाबत काढलेल्या हुकुमाचं वर्ष. २३०० वजा ४५७, उत्तर १८४३. आता गंमत बघा. इसवी सनात शून्य नावाचं वर्षच नाही. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं. म्हणजे एक वर्ष वाढवायला हवं. प्रोग्रामिंगमधला सगळ्यात जुना बग, ऑफ बाय वन! मिलरने दिलेली मुदत मार्च १८४४ मध्ये टळली, तेव्हा ही दुरुस्ती पुढे आली.

मात्र मिलर कधी दिवस सांगत नव्हता, तो वर्षापाशी थांबायचा. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचं म्हणणं स्पष्ट आहे, तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. दिवस ठरवला तो सॅम्युएल स्नो या उपदेशकाने, ऑगस्ट १८४४ मध्ये, न्यू हॅम्पशायरमधल्या एक्सेटरच्या मेळाव्यात. यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस सातव्या महिन्याच्या दहाव्या तिथीला येतो, ख्रिस्तही त्याच दिवशी येईल, असा त्याचा तर्क. पण कोणत्या पंचांगाने? प्रचलित यहुदी पंचांगाने तो दिवस सप्टेंबरात येत होता. स्नोने कराईट पंथाची जुनी गणना धरली, ती महिनाभर पुढची. आपल्याकडे अधिक मासाच्या घोळामुळे टिळक पंचांगवाल्यांचा गणपती कधी कधी महिनाभर आधी बसतो ना, तसाच प्रकार. मिलरने स्वतः ही तारीख मान्य केली ती थेट ऑक्टोबरात, जेमतेम दोन आठवडे उरले असताना.

ही माणसं वेडी होती, असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे. पांढरे झगे घालून छपरांवर चढली होती, ही अफवा तर शंभर वर्षं चालली. १९४४ मध्ये फ्रान्सिस निकोल यांनी जुनी कागदपत्रं तपासली, तर तिला आधारच सापडला नाही. (निकोल त्याच परंपरेतले, हेही सांगायला हवं. पण त्यांचं काम टिकलंय.)

रात्री बाराचे ठोके पडले. पोर्ट गिब्सनचा शेतकरी हायरम एडसन याने नंतर लिहून ठेवलंय, की ते सगळे पहाटेपर्यंत रडत होते. आणि सकाळी? गुरांना चारा हवाच होता. शेजारी विचारत होते, अजून गेला नाहीत वर?

माझ्या मते खरी कसोटी या सकाळी सुरू होते. याच शुभवर्तमानात दहा कुमारींचा दाखला आहे. वराला उशीर होतो, दिवे सगळ्यांकडे असतात, पण जास्तीचं तेल फक्त पाचजणींकडे. चळवळीने आपल्या वर्तमानपत्राचं नाव ‘मिडनाइट क्राय’ ठेवलं ते याच दाखल्यावरून, आणि त्यातला उशीर हाच तर मुद्दा आहे. पौलाच्या काळी थेस्सलनीकातही ख्रिस्त येतोच आहे म्हणून काहीजणांनी कामधंदा सोडला होता, असं अनेक अभ्यासक मानतात. पौलाने त्यांना खडसावून लिहिलं की काम करा, स्वतःची भाकरी खा. वाट पाहणं आणि हात बांधून बसणं, या दोन गोष्टी त्याने तेव्हाच वेगळ्या केल्या होत्या.

मग कोण कुठे गेलं? पुष्कळ जण सोडून गेले. चळवळीचा प्रकाशक जोशुआ हाइम्स याने, ज्यांनी होतं नव्हतं ते सोडलं त्या कुटुंबांच्या मदतीसाठी वर्तमानपत्रातून आवाहन केलं. मला त्या सगळ्या धामधुमीतलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. एका छोट्या गटाने तारीख बरोबर होती पण घटना स्वर्गात घडली, असा अर्थ लावला. त्यातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं. पुण्यात औंध रस्त्यावरचं स्पायसर माहीत असेल, ते याच चर्चचं.

मिलरला तो अर्थ पटला नाही. गणित कुठेतरी चुकलं, हे त्याने छापून कबूल केलं. पण ख्रिस्त येणार, यावरचा विश्वास सोडला नाही. नोव्हेंबरात हाइम्सला लिहिताना त्याने कळवलं, की आता आपण एकच वेळ धरून बसलोय, ती म्हणजे आज, आणि तो येईपर्यंत रोजच आज. १८४५ च्या सुरुवातीला त्याच्या गावच्या बाप्टिस्ट मंडळीने त्याला काढून टाकलं. १८४८ मध्ये दृष्टी गेली. त्याच वर्षी त्याच्या घराशेजारी एक लहानसं प्रार्थनाघर बांधलं गेलं. पुढच्या वर्षी डिसेंबरात तो वारला. प्रार्थनाघर अजून उभं आहे.