कुंभाराचा दंड

माझ्या मावशीला नवरा मारायचा. घरातल्या बायका म्हणायच्या, "कर्म गं तिचं!" तेव्हा मला उपासकदशांग सूत्रातला सद्दालपुत्त आठवतो. पोलासपूरचा हा कुंभार गोशालकाच्या आजीवक पंथाचा. सगळं नियतीनं ठरलेलं, माणसाच्या प्रयत्नानं काही होत नाही, असं मानणारा. महावीरांनी त्याला विचारलं, तुझी मडकी कुणी फोडली, तुझ्या पत्नीवर, अग्निमित्रेवर, कुणी हात टाकला, तर काय करशील? तो म्हणाला, दंड करीन. मग सारं ठरलेलंच असेल, तर दंड कशाचा? कुंभार निरुत्तर झाला. पुढं श्रावक झाला. कर्म आपण मानतोच. पण कर्म म्हणजे केलेलं, आणि ते करणारा कुणी असतो. मावशीचं कर्म सगळ्यांनी पाहिलं. मारणाऱ्या हाताचं कुणी विचारलंच नाही.